आयडी विकत घेऊ नकोस

पोरा,

परवा टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी बंद करून उभा असताना तू विचारलंस, "काका, मोबाइलवरच्या बीजीएमआय गेममध्ये क्राउन या वरच्या रँकपर्यंत नेलेली दुसऱ्याची आयडी पाच हजारात मिळालीय, घेऊ काय? घरचे तर म्हणतात गेमच सोड. मला काय कळंना झालंय." तेवढ्यात गेट उघडलं, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि मी काहीतरी तुटक बोलून निघालो. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

गेम चांगली की वाईट हे मी सांगत बसणार नाही. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, तेवढं तुला कळतं. माझं एकच म्हणणं आहे : मधलं गाळू नकोस.

आमच्याकडं टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. कॅसेट घालायची, आत मारिओ. जपानात १९८५ साली आलेला, आमच्या गल्लीत पोचायला बरीच वर्षं लागली. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, एकूण ३२. सेव्ह नाहीच. जुलैच्या पावसात लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. मग कुणीतरी युक्ती दाखवली. पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात छतावरून धावत पार टोकाला गेलं की पाइप लागतात, त्यातून थेट चौथ्या जगात. तिथं दुसऱ्या टप्प्यात एक वेल लपलेली, ती चढली की आठव्यात! पोरं तोंडात बोटं घालायची. पण आठव्यात मी कधी टिकलो नाही. उडीचा अंदाज ज्या पाचव्या, सहाव्या, सातव्या जगात बसायचा, ती मी बघितलीच नव्हती. आजवर बघितली नाहीत.

आयटीआयलाही मी हेच केलं. फिटर ट्रेड. सुरुवातीला नुसती कानस मारायची. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, घासायचा, काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडासमोर बघायचं. फटीतून उजेड आला की परत घास. हाताला फोड. मी एका मित्राला भजी चारून त्याच्याकडून जॉब, म्हणजे तो घासायचा तुकडा, करून घेतला आणि स्वतःचा नंबर ठोकून जमा केला. पास झालो की. पुढं उद्यमबागेत एका कारखान्यात हातानं फिनिश करायचं काम आलं, ते मापात बसेना. फोरमननं सगळ्यांसमोर जॉब माझ्या हातातून काढून घेतला आणि माझ्यापेक्षा लहान पोराला दिला. इतकी वर्षं झाली, तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून माझ्या वर्कशॉपमध्ये नवीन पोराला पहिला महिना मी कानसच देतो. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशिनच्या जमान्यात हे काय, म्हणून दोघं सोडून गेले. जाऊ देत. तुझी काकूही म्हणते, मी फार ताणतो. पण मशिनवरून उतरलेल्या जॉबची बर, म्हणजे कडेला राहिलेली टोकदार किनार, बरेचदा शेवटी हातानंच काढावी लागते, आणि कड कुठं राहिली ते बोटालाच कळतं. मी चुकलेलो नाही.

आता सांग, क्राउनची आयडी घेऊन करणार काय? समोर क्राउनवालेच येणार. उतरल्या उतरल्या मरशील, स्क्वाडमधले शिव्या घालतील. गेमच्या नियमात आयडीची विक्री बसतच नाही. आणि विकणाऱ्यानं जुन्या ईमेलवरून ती परत ओढून घेतली तर कुणाच्या दारात जाणार? २०२० च्या सप्टेंबरात पबजी बंद झाली, २०२१ ला तिच्या जागी बीजीएमआय आली, २०२२ ला तीही गेली, २०२३ ला परत आली. एवढ्या बंद-चालूत तुझा निशाणा गेला नाही, हे तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस. तो तू मारून मारून कमावलायस रे! गोल्डवर आहेस ना? मग पुढं प्लॅटिनम. मधलं गाळू नकोस, किती वेळा सांगू?

घरच्यांशी मी बोलतो. तू फक्त रात्री अकराला फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा.

ते पाच हजार कुठले, हे मी विचारलं नाही. फीचे असतील तर उद्याच भर आणि पावती मला दाखव.

रविवारी दुपारी शॉप बंद असतं, ये. माळ्यावर तो जुना सेट आहे, एक रिमोट अजून चालतो. पहिल्या टप्प्यापासून सुरू करू, पाइपाकडं जायचं नाही. मला पाचवं जग बघायचं आहे.

तुझा,
काका