कालव्याच्या टेलला शेत असेल तर रब्बीसाठी नमुना नंबर ७ भरून काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या चारीवर, म्हणजे शेतापर्यंत येणाऱ्या छोट्या पाटावर, अगदी शेवटी तुमचं तीन एकर रान आहे, आजूबाजूचं कुणी हा नमुना, म्हणजे कालव्याच्या पाण्याचा मागणी अर्ज, भरत नाही, आणि भरला तर पाणी येणार नाही, पाणीपट्टी तेवढी मागं लागेल असं सगळे सांगतात. माझं उत्तर: भरा. यंदाच भरा.

मी परभणी जिल्ह्यातला. माझंही रान टेललाच. ‘भरून काय उपयोग’ हे मी आमच्या घरातच इतकी वर्षं ऐकतोय की हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आमच्या आजोबांची जमीन एकाच चारीवर होती. वाटणी झाली तेव्हा थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्यांना चारीच्या तोंडाजवळचं रान आलं आणि वडिलांना खालचं. चार माणसांनी वडिलांना सांगितलं, चिठ्ठी टाका, असं सरळ घेऊ नका. वडील म्हणाले, चारी एक, पाणी एक, वर काय आणि खाली काय. तेव्हा त्यांचं चुकलं नव्हतं. शेजपाळी, म्हणजे एकापाठोपाठ एक शेताला पाणी द्यायची पाळी, टेलपासून लागायची. पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा सरकारी माणूस, सायकलवर यायचा, आधी आमचं भिजवून घ्यायचा, मग पाणी एकेक शेत वर सरकत शेवटी आबांच्या रानात जायचं. पुढं पाटकरी निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. काळ्या मातीनं फुगून-आकसून चारीचं अस्तर फोडलं, आत येड्या बाभळी माजल्या. नियम टेलकडून हेडकडं, म्हणजे खालून वर, असाच राहिला, पाणी मात्र वरच्याच्या मर्जीवर आलं.

२०२१ च्या सप्टेंबरअखेर नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरला, पैठणला दरवाजे उघडावे लागले. त्या साली मी पहिल्यांदा नमुना सात भरला. दोन एकर मालदांडी ज्वारी, बाकी हरभरा. आबांच्या मुलाला, माझ्या चुलतभावाला, सांगितलं तर तो म्हणाला, ‘येडा झालास का? पाणी आलं तर चारीला येतंच की. नाव लावून घेशील अन् सातबाऱ्यावर थकबाकी चढवून घेशील.’

पहिल्या पाळीला, म्हणजे कालव्याला पहिल्यांदा पाणी सुटलं तेव्हा, थोडंफार भिजलं. दुसऱ्या पाळीला ज्वारी पोटरीत होती. चारीला पाणी सुटून पाच दिवस झाले तरी आमच्याकडं थेंब नाही. सहाव्या रात्री बॅटरी घेऊन चारीच्या पोटातूनच वर चालत निघालो. खालचा तळ भेगाळलेला, गोगलगाईंची पांढरी टरफलं पायाखाली कचकच मोडत होती. बरंच वर गेल्यावर तळ ओलसर लागला, मग चिखल, मग पाण्याचा आवाज. समोर मातीनं भरलेल्या खताच्या गोण्या एकावर एक रचलेल्या, फटी गवतानं लिंपलेल्या, आणि वरच्या अंगाला मांडीएवढं पाणी तुंबलेलं. डाव्या काठाला कट मारून ते सगळं आबांच्या उसात वळवलेलं.

चुलतभाऊ बांधावर बाज टाकून बसला होता. म्हणाला, ‘बस की. एवढ्या रातचं काय करायलास?’ मी गोण्यांकडं बॅटरी धरली. तो शांतपणे म्हणाला, ‘आधी आमचं होऊ दे. ऊस हाय. तुझ्या ज्वारीला काय, ती दवावर बी येते.’

मी एकाही गोणीला हात लावला नाही. रात्रीची वेळ, हातात फावडं, सख्खा चुलतभाऊ. अशा वेळी काय होतं ते आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. सकाळी पाटबंधारे शाखेत गेलो. तिथल्या कर्मचाऱ्यानं चारीची यादी काढून दाखवली. आमच्या चारीवर वरच्या चौघांची नावं होती, उसासकट. खालच्या अर्ध्या चारीवर मागणी: निरंक. माझा अर्जच त्यांना सापडेना, आणि माझ्याकडं पोच नव्हती. त्या साली ज्वारीची कणसं निसवली, पण दाणा भरला नाही. कडबा तेवढा झाला.

म्हणजे ‘पाणी आलं तर येतंच’ म्हणणाऱ्या चुलतभावानं स्वतःचा अर्ज वेळेत भरला होता. न भरण्याचा सल्ला खालच्यांसाठी होता.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर यात आहे. धरणात किती टक्के आहे यावरून कालवा सल्लागार समिती पाळ्या किती ते ठरवते, पण कुठल्या चारीला किती दिवस पाणी चालवायचं हे अर्जातल्या क्षेत्रावर बेततात. टेलच्यांनी अर्ज भरले नाहीत तर कागदावर टेलला शेतीच नाही. मग चारी लवकर बंद केली तरी कुणाची चूक नाही, आणि तुम्ही तक्रार घेऊन गेलात तर तुम्ही कुणीच नाही. अर्जानं पाणी येईल याची हमी नाही. विचारायचा हक्क मात्र येतो.

पुढच्या साली मी खालच्या सात जणांचे अर्ज एकत्र नेऊन दिले, सातही पोच घेतल्या. पाणी आलं नाही तेव्हा सातही जण गेलो. अधिकारी चारीवर आले, त्यांच्यासमोर गोण्या निघाल्या. पाणी दोन दिवस उशिरा आलं, पण आलं.

आता आबांचं. २००५ साली कायदा झाला, सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडं द्यायचा. चारीवर पाणी वापर संस्था करायची, पाणी तोंडाशी घनमापानं मोजून घ्यायचं, आत कुणाला किती ते सभासदांनी ठरवायचं. नाशिककडं वाघाड धरणावर शेतकऱ्यांनी हे करून दाखवलंय. आमच्याकडंही सह्या गोळा झाल्या होत्या. आबांनी सही केली नाही, आणि त्यांच्याकडं बघून वरच्या कुणीच केली नाही. म्हणाले, ‘पाणी सरकारचं, त्याचं भांडण आपल्या घरात कशाला आणता?’ भांडण तर घरात होतंच. खरं कारण वेगळं. त्या कायद्यात संचालक मंडळावर हेड, मध्य आणि टेल यांना सारखं प्रतिनिधित्व आहे. आज वरच्यांचं शंभर टक्के चालतं, उद्या तीनात एक वाटा उरला असता. एवढंच होतं ते.

आणि हेच आबा, हाच चुलतभाऊ २०२३ साली संभाजीनगरला आंदोलनात होते. वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला ८.६ टीएमसी सोडायचा आदेश झाला होता आणि पाणी सोडत नव्हते म्हणून. मीही होतो, आणि ती मागणी शंभर टक्के रास्त होती. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्यांनी तूट वाटून घ्यावी, हा हिशोब मेंढेगिरी समितीच्या अहवालावरून जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं २०१४ मध्ये लावला आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयात समन्यायी वाटपाचं तत्त्व टिकलं. मराठवाड्यानं ते भांडून मिळवलंय. पण ‘वरच्यानं अडवू नये’ हे गोदावरीवर खरं असेल तर दोन किलोमीटरच्या चारीवरही खरं आहे. परत येताना गाडीत हे मी आबांना तोंडावर बोललो. ते खिडकीबाहेर बघत राहिले. अजूनही नीट बोलत नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगतो, एकटे भरू नका. खालचे पाच-सात जण धरा, आणि जमलं तर संस्थेचा विषय काढा. पहिला नकार घरातूनच येईल. तरी काढा.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. तुमच्या चारीवर आधीच संस्था असेल तर अर्ज शाखेत नाही, संस्थेकडं द्यावा लागतो. मागची थकबाकी असेल तर मंजुरी अडकते, आधी ती बघा. पाणीपट्टीवर स्थानिक उपकर २० टक्के धरून हिशोब करा. मी जे सांगतोय ते रब्बीचं. उन्हाळी पाळीच्या भरवशावर टेलला भुईमूग लावू नका, मी अर्ज भरूनही लावत नाही. धरणात साठा कमी असेल त्या साली पिण्याचं पाणी आधी राखून ठेवतात, तेव्हा अर्ज असला तरी पाळी मिळत नाही, आणि पाणी उशिरा आलं म्हणून नुकसानभरपाईही मिळत नाही. विहिरीला पाणी असेल तर हरभऱ्याला एक पाणी तिचं राखून ठेवा.

अर्जाची शेवटची तारीख पाटबंधारे खात्याच्या जाहीर प्रकटनात येते, ती बहुतेक वेळा वाढवतात, पण वाढेल म्हणून थांबू नका. आणि पोचेवर शिक्का आणि तारीख बघितल्याशिवाय शाखेतून उठू नका. माझ्या सातही पोच आजही वडिलांच्या पेटीत आहेत, वाटणीच्या कागदाबरोबर.