३४,००० बीटीयूच्या लाकडी स्टोव्हवर वाफ करून घरची वीज निघेल का?

आधी आकडा नीट वाचा. बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक, आणि स्टोव्हवरचा बीटीयू म्हणजे ताशी बीटीयू. ३,४१२ ने भागलं की किलोवॅट. म्हणजे तुमचा स्टोव्ह साधारण १० किलोवॅटचा. पण ही उष्णता झाली, वीज नव्हे. घरगुती आकाराचं वाफेचं इंजिन त्यातली जेमतेम ५ टक्के विजेत उतरवतं. तासाला तीनेक किलो सुकं लाकूड जाळून हाती अर्धा युनिट! शिवाय एक लिटर पाण्याची मोकळी वाफ सुमारे १,७०० लिटर होते, त्यामुळे घरी बनवलेला बंद बॉयलर फुटला तर जीव जातो. तो नाद खरंच सोडा. विजेसाठी सोलर बसवा आणि स्टोव्हवर अंघोळीचं पाणी तापवा. तिथे ही उष्णता सत्कारणी लागते.