दुखरी कंबर आवळू नका, आधी बाकीचं अंग सैल करा

ताई, तुम्ही लिहिलंय की कंबर दोन वर्षांपासून दुखतेय, एमआरआयमध्ये फारसं काही निघालं नाही, फिजिओंनी स्नायू आवळून सैल सोडायचा व्यायाम दिला आणि तो केला की कंबर उलट जास्त ठणकते. माझी मानदुखी जुनी आहे आणि हा व्यायाम मी कित्येक वर्षं करतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

कंबर आवळणं आधी थांबवा. दुखऱ्या जागेला जपायला आजूबाजूचे स्नायू ताठ होतात, ताठून ताठून तेच दुखायला लागतात. मग मूळ दुखणं कुठलं आणि आखडल्याचं कुठलं, हे कळेनासं होतं. तिथेच आणखी जोर लावला तर ठणका वाढणारच. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी ही पद्धत बसवली, १९२९ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. त्यांचा भर ताकदीवर नव्हताच. अगदी बारीकसा ताणसुद्धा ओळखता यावा, यासाठी ते जोर कमी कमी करत न्यायला लावायचे.

पाठीवर झोपा, गुडघ्यांखाली उशी घ्या. उजव्या हाताची मूठ निम्म्या जोराने पाच-सात सेकंद आवळा आणि एकदम सोडा. आता घाई नको. वीस-तीस सेकंद फक्त त्या हाताकडे लक्ष द्या, खरं काम इथे होतं. मग डावा हात, कपाळ, जबडा, खांदे, पोट, मांड्या. पोटऱ्यांसाठी पावलं स्वतःकडे ओढा, पुढे ताणलीत तर गोळा येतो. श्वास रोखू नका, बीपी असेल तर मुळीच नको. कंबरेला काहीच करायचं नाही, श्वास सोडताना तिचा भार गादीवर जाऊ द्या.

जबड्याला जास्त वेळ द्या. कळ आली की आपण नकळत दात आवळतो, आणि ते तासन्‌तास तसेच राहतात. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल, एवढं जमलं तरी मानेपर्यंत फरक जाणवतो.

शवासनात थेट ‘सैल सोडा’ म्हणतात. पण वर्षानुवर्षं आखडलेल्या माणसाला सैल म्हणजे काय तेच आठवत नाही. म्हणून मला आधी आवळून मग सोडणं जास्त पटतं.

सुरुवातीला दुखणं ऐन भरात असताना करू नका. त्यातल्या त्यात बरं वाटतं अशा वेळी रोज पंधरा मिनिटं, काही आठवडे. दिवसभरात कुकरची शिट्टी झाली की खांदे वर चढलेत का तेवढं बघा.

दुखणं पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. माझं गेलेलं नाही, पण आखडल्यामुळे पडणारी भर कमी झाली आणि झोप सुधारली. गोळ्या मनाने बंद करू नका. पायातली शक्ती कमी झाली, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फिजिओंना मात्र पुढच्या वेळी स्पष्ट सांगा की कंबर आवळल्यावर त्रास वाढतो. ते कंबर वगळून क्रम बसवून देतील.