आधी अंग तपास

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. तिशीतला पेशंट. ओलान्झापिन या मनोविकाराच्या गोळीवर शांत झाला, घरच्यांशी बोलायला लागला, आणि आता उपाशीपोटीची साखर २८०. भाऊ म्हणतो गोळी बंद करा. फिजिशियन म्हणतात आधी डोक्याचं बघा. मनोविकारवाले म्हणतात शुगर आमचा विषय नाही. आणि तू विचारतेस, सिस्टर, मी कुणाचं ऐकू?

पेशंटचं ऐक. रात्रभर नळाला तोंड लावून पाणी पितो, हे तूच लिहिलंयस. वॉर्डात त्याला ‘चाळा’ म्हणून सोडून दिलं. तहान लागली म्हटल्यावर आधी अंग तपासायचं, मग चाळा म्हणायचं. एवढंच मी नोकरीभर सांगत आले.

गोळी परस्पर बंद होऊ देऊ नकोस. भावाला समोर बसवून सांग: आजार उलटला तर हा वेळेवर जेवणार नाही आणि शुगरची गोळीही घेणार नाही. पण ‘चालू ठेवा’ म्हणून मोकळीही होऊ नकोस. मनोविकाराच्या औषधांत ओलान्झापिन आणि क्लोझापिन वजन आणि साखर वाढवण्यात सगळ्यांत पुढे, अ‍ॅरिपिप्राझोल त्या मानाने बरं. औषध बदलता येईल का, मधुमेहाचं मेटफॉर्मिन सुरू करायचं का, हे डॉक्टरांना सरळ विचार. क्लोझापिनवरच्या पेशंटबाबत मात्र बदलासाठी हटून बसू नकोस. दुसरी औषधं फसल्यावरच ते दिलेलं असतं. आणि सगळा दोष गोळीवर ढकलू नकोस. अशी एकही गोळी नव्हती तेव्हा, १८७९ साली, हेन्री मॉड्स्ली या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने लिहून ठेवलंय की वेड असलेल्या घराण्यांत मधुमेह बऱ्याचदा दिसतो. त्यात बिडी, दिवसभर पडून राहणं, वॉर्डातला गोड चहा, भेटीला आलेल्यांनी दिलेले बिस्किटांचे पुडे.

तपासणीचं वेळापत्रक नवीन नाही. अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकारांच्या संघटनांनी २००४ मध्ये मिळून सांगितलं: औषध सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटीची साखर, रक्तातली चरबी. वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला, साखर बाराव्याला पुन्हा, मग वर्षाला. यात अवघड काय आहे? शिंप्याची टेप लागते. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर, की सावध व्हायचं. वजनकाटा बिघडलाय हे कारण मला सांगू नकोस, ते ऐकून माझे कान किटलेत.

आता माझ्या मनात सलतं ते. एक पेशंट रोज म्हणायचा, पायाला मुंग्या चावतात. केसपेपरवर ‘भास’ लिहिलं गेलं. मी राउंडला सांगितलं, रजिस्टरमध्ये लिहिलं: मधुमेही आहे, पाय बघा. मोजे कुणी काढले नाहीत. काढले तेव्हा अंगठा काळा पडलेला होता. तो कापावा लागला. मुंग्या खऱ्याच होत्या, नसांच्या होत्या. त्यानंतर मी भांडखोर झाले. लोक तसं म्हणायचे, म्हणू देत. दर आठवड्याला पेशंटचे मोजे काढून बोटांच्या बेचक्यांत बघायचं, हे मी भांडूनच लावून घेतलं, आणि पुन्हा भांडेन.

आणखी एक. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेला पेशंट जेवणात विष आहे म्हणून ताट सरकवतो. तासाभराने दार बडवतो, शिव्या देतो, घामाने निथळतो. ‘खवळलाय, इंजेक्शन द्या’ अशी ऑर्डर येते. मी बोटाला सुई टोचून बघितलं, साखर ४४, फारच उतरलेली. शुद्धीवर होता, गिळत होता, म्हणून चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी विचारत होता, जेवण अजून का आणलं नाही. माझ्या हट्टाला उद्धटपणा म्हणाले. मी कधी माफी मागितली नाही. इंजेक्शनच्या ट्रेमध्ये ग्लुकोमीटर असलाच पाहिजे, आणि आधी अंग तपास. किती वेळा सांगू?

सुई टोचायला हे पेशंट घाबरतात, ‘रक्त काढून नेतात’ म्हणतात. जबरदस्ती करू नकोस. पट्टी त्याच्या हातात दे, आकडा त्यालाच वाचू दे. माझा एक पेशंट पुढे स्वतःहून बोट पुढे करायचा, वहीत आकडाही स्वतःच लिहायचा. यांना काही समजत नाही म्हणणाऱ्यांवर मला अजून राग येतो.

फिजिशियनकडे जाताना हे लक्षात ठेव: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम २१ मध्ये, मनोरुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाच्या बरोबरीने उपचार मिळायचा हक्क लिहिलेला आहे. तू उपकार मागत नाहीयेस.

सोमवारी भावाला घेऊन ये म्हणून सांग. वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), सगळं एका कागदावर लिही, तारीख टाक, केसपेपरच्या वर लाव. एक प्रत दोन्ही डॉक्टरांना. ‘नंतर बघू’ म्हणाले तर कधी ते विचार आणि ती तारीखही लिही. संध्याकाळी मला फोन कर, मी जागी असते.

तुझी,
सिस्टर