अध्यक्षांचा भाऊच खरेदीदार असेल तर?

प्रश्न : लातूर जिल्ह्यातील आमची शेतकरी उत्पादक कंपनी सोयाबीन आणि तूर खरेदी करते. मी स्थापनेपासून संचालक आहे. अध्यक्ष सचोटीचे आहेत. त्यांच्या शब्दावरच गावोगावच्या शेतकऱ्यांनी शेअर घेतले. अलीकडे मात्र कंपनीचा बहुतेक माल त्यांच्या सख्ख्या भावाच्या आडत दुकानाला जातो. भाव कमी मिळतो असे मी म्हणत नाही, पण तो कसा ठरतो हे बैठकीत कधी येत नाही आणि इतिवृत्ताची वही सहीसाठी घरपोच येते. विषय काढला तर अध्यक्षांवर अविश्वास दाखवल्यासारखे होईल. काय करावे?
— एक संचालक, लातूर जिल्हा

उत्तर : अध्यक्ष सचोटीचे आहेत हे आपले म्हणणे खरे धरूनच मी उत्तर देतो, कारण अडचण तिथूनच सुरू होते. भल्या माणसाच्या हाती कारभार असला की बाकीचे संचालक विचारणे सोडून देतात, आणि मग त्या भलेपणाचा पुरावा कंपनीच्या दप्तरात कुठेच उरत नाही. उद्या एखाद्या सभासदाने पारावर बसून ‘भावाचे घर भरले’ असे म्हटले, तर त्याच्यापुढे ठेवायला आपल्याकडे काय आहे?

उत्पादक कंपन्यांसाठीचे स्वतंत्र प्रकरण 2020 च्या दुरुस्तीने कंपनी कायदा 2013 मध्ये आले असले, तरी संचालकांची कर्तव्ये सांगणारे कलम 166 आणि नातेवाइकांशी होणाऱ्या व्यवहारांचे कलम 188 आपल्याला चुकत नाही. सख्खा भाऊ, किंवा तो भागीदार असलेली पेढी, ‘संबंधित पक्ष’ ठरते आणि तिच्याशी व्यवहार करण्यास संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव करून मंजुरी घ्यावी लागते. व्यवहार कंपनीच्या नेहमीच्या कामकाजातला असेल आणि एखाद्या परक्या व्यापाऱ्याशी झाला असता तशाच अटींवर झाला असेल, तर या मंजुरीतून सूट आहे. बरेच सल्लागार इथेच थांबतात आणि ‘सूट आहे, काळजी नको’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही, कारण अटी परक्याइतक्याच होत्या हे कोणत्या कागदावरून सिद्ध करणार, हा प्रश्न तसाच राहतो. कलम 166 नुसार संचालकाने स्वतःसाठी किंवा नातेवाइकांसाठी गैरवाजवी लाभ मिळवता कामा नये, आणि मिळवल्याचे सिद्ध झाले तर तेवढी रक्कम कंपनीला भरून द्यावी लागते.

तेव्हा कागद तयार करा. प्रत्येक खेपेच्या फाइलीत त्या दिवशीचा बाजार समितीतला सौद्याचा भाव आणि आणखी किमान दोन खरेदीदारांचे लेखी भाव असावेत. ओलाव्याची नोंद मी मुद्दाम वेगळी सांगतो, कारण खोट असलीच तर ती बहुधा तिथे असते. बोललेला भाव बाजाराइतकाच असतो. पण मीटरवर 12 टक्क्यांऐवजी 14 टक्के दाखवले की क्विंटलमागे घट धरली जाते आणि विक्रीच्या हिशेबाची पट्टी गुपचूप खाली येते. मीटर कोणाचे होते, वाचन कोणी घेतले, कंपनीचा माणूस काट्यावर हजर होता का, हे काटापावतीच्या पाठीमागे लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. एवढे केले तर भावाचे दुकान खरोखरच उत्तम भाव देत असल्याचेही दिसून येईल, आणि तसे असेल तर माल तिथे देण्यात काहीही गैर नाही.

राहिला अविश्वासाचा प्रश्न. आपण अध्यक्षांना आधी एकट्याने भेटा आणि हा विषय त्यांनी स्वतःच मांडावा असे सुचवा. खाजगी कंपनीच्या संचालकाला हितसंबंध जाहीर करून चर्चेत बसता येते, आणि ती मुभा उत्पादक कंपनीलाही लागू आहे असे आपले सल्लागार म्हणतील. तरीसुद्धा अध्यक्षांनी त्या विषयापुरते खोलीबाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. समोर बसलेल्या माणसाच्या भावाबद्दल आपल्याकडे कोणी तोंड उघडत नाही. सत्यम कंप्युटर्स या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळात हार्वर्डचे प्राध्यापक आणि माजी कॅबिनेट सचिव होते. तरीही तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाचा हिस्सा असलेल्या दोन मायटास कंपन्या विकत घेण्यास त्या मंडळाने 16 डिसेंबर 2008 रोजी मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळल्यावर निर्णय काही तासांत फिरवावा लागला, आणि 7 जानेवारी 2009 रोजी रामलिंग राजू यांनी हिशेबातील खोटेपणाची लेखी कबुली दिली. जिथे अशा मंडळींनी हरकत घेतली नाही, तिथे एकाच तालुक्यात सोयरीक असलेल्या संचालकांकडून ती आपोआप होईल ही अपेक्षाच चुकीची आहे.

घरपोच वहीवर मात्र आजपासून सही करू नका. दर तिमाहीला एक, म्हणजे वर्षाला किमान चार बैठका प्रत्यक्ष व्हायला हव्यात. मंडळाने दादच दिली नाही, तर एकतृतीयांश सभासदांच्या लेखी मागणीवरून विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. तिथे शेअर कितीही असोत, शेतकरी सभासदाला एकच मत असते. पण ती वेळ येऊ न देण्यातच शहाणपण आहे.

प्रश्न : मी वाळूज एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. महिनाअखेरीला माल गाडीत चढल्यावर तपासणी अहवालात मागच्या लॉटचे आकडे भरून सही करायला सांगतात. ‘माल कधी परत आला का?’ असे मालक विचारतात.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : माल परत आला नाही, याचा अर्थ तो तपासला होता असा होत नाही. आपण पाच नग मोजले असतील तर पाच नगांचेच आकडे लिहा आणि उरलेल्या रकान्यात ‘तपासले नाही’ असे स्वच्छ नोंदवा. दोन लॉटमध्ये मायक्रॉनपर्यंत तेच आकडे आले की ग्राहक कंपनीच्या मुरलेल्या ऑडिटरच्या ते पहिल्यांदा नजरेत भरते, आणि तेव्हा पुढे केली जाते ती आपली सही. घाई खरी असेल तर ग्राहकाकडून लेखी डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या अटींतून तेवढ्यापुरती सूट, मंजूर करून घेण्याचा सरळ मार्ग आहे. तो मेलवर सुचवा आणि मेल जपून ठेवा. तक्रारदाराला संरक्षण देणारी यंत्रणा कलम 177 नुसार सूचिबद्ध कंपन्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका व वित्तसंस्थांकडून 50 कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्यांनाच सक्तीची आहे. आपली कंपनी त्यात बसते का ते पाहा. बसत नसेल, तर ग्राहक कंपनीचे धोरण वाचा. अनेक मोठ्या कंपन्या पुरवठादारांकडील कामगारांच्या तक्रारीही घेतात.

प्रश्न : पतीच्या कंपनीत मी नावापुरती संचालक आहे. कागद येतात, मी सह्या करते. यात काही धोका आहे का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आहे. कायद्यात नावापुरता संचालक असा प्रकार नाही. कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षे ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र दाखल केले नाही, तर कलम 164 नुसार तिचा संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. 2017 मध्ये अशा कारवाईत देशभरातील 3 लाखांहून अधिक संचालक सापडले, आणि त्यांत घरच्यांच्या सांगण्यावरून सह्या करणारे काही कमी नसणार. लेखापरीक्षकांना आपण स्वतः फोन करा, मागील तीन वर्षांची विवरणपत्रे भरल्याच्या पावत्या मागा आणि आपल्या नावावर कर्जाची हमी दिली आहे का ते विचारा. संचालक म्हणून ही माहिती मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, त्यासाठी पतीच्या परवानगीची गरज नाही. राजीनामा द्यायचा ठरवलात, तर तो कंपनीला मिळाल्याच्या किंवा त्यात लिहिलेल्या तारखेपासून, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून, लागू होतो. त्याआधीच्या काळातील जबाबदारी मात्र राजीनाम्याने संपत नाही.