कॉलनीच्या ओपन स्पेसवर बाग केली, पण लोकांना ती खासगी वाटते. पत्रकं आणि बोर्ड कसे करावेत? (सोलापूर)

तुम्ही लिहिलंय की पूर्व भागात रहिवाशांनी मिळून बाग उभी केली, झाडं जगली, बाकडी बसली, पण दोन गल्ल्या पलीकडची माणसं फाटकातून डोकावून परत जातात. म्हणून पाच हजार पत्रकं छापून पेपरात टाकायचा विचार आहे. माझं डीटीपी आणि बोर्डाचंच काम आहे, तरी सांगतो: हे पैसे आधी फाटकावरच्या पाटीत घाला.

आपल्याकडच्या पाट्यांवर वर मंडळाचं नाव, मग अध्यक्ष-उपाध्यक्ष, मग उद्घाटक, आणि खाली सूचना: हे करू नये, ते करू नये. वाचणारा समजतो, आपलं काम नाही इथे. पाटीवर सगळ्यात मोठं लिहा, 'बाग सर्वांसाठी खुली'. त्याखाली वेळ. त्याखाली 'पैसे लागत नाहीत'. संपलं. देणगीदारांची नावं आत बाकड्याच्या पाठीवर शोभतात.

फ्लेक्स करू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४४ वर जातो, त्या उन्हात छपाईतला पिवळा आणि लाल आधी उडतो, आणि कडाही फाटतात. पत्र्याला प्रायमर मारून पेंटरकडून ऑइलपेंटने लिहून घ्या, पांढऱ्यावर गडद हिरवं किंवा काळं. अक्षराचा हिशोब साधा आहे: दर १० फुटांना १ इंच. रस्त्यापलीकडून, ५० फुटांवरून, वाचता यायला हवं असेल तर ५ इंची अक्षर. ओळींमध्ये जागा सोडायला पेंटरला बजावा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात.

पूर्व भाग म्हटल्यावर तेलुगू आलीच. घरात तेलुगू बोलणारे बरेच जण मराठी शाळेत शिकलेत, त्यांना मराठी पाटी वाचता येते. तरीही 'सर्वांसाठी खुली' एवढी ओळ तेलुगूत टाकाच, आणि शेजारी ज्यांची वस्ती असेल त्याप्रमाणे कन्नड किंवा उर्दूत. आपल्या लिपीतली एक ओळ दिसली की माणूस आत यायला बिचकत नाही. ती ओळ मात्र त्या भाषेच्या शिक्षकाकडून लिहून घ्या, मोबाइलवरच्या भाषांतरावर जाऊ नका.

मुख्य रस्त्याच्या वळणावर बाणाची छोटी पाटी हवी, पण त्यासाठी महापालिकेची लेखी परवानगी घ्या. विनापरवाना पाटी १९९५ च्या मालमत्ता विद्रूपणाच्या कायद्यात अडकू शकते. आणि झाडांना खिळे नकोत. 'करंज', 'बहावा' अशा पाट्या बुंध्याशेजारी खुंटी रोवून लावा.

आता पत्रकं. पेपरातलं पत्रक क्लासच्या जाहिरातींबरोबर रद्दीत जातं. पाचशेच छापा, ए-फाइव्ह (ए-फोरच्या निम्म्या) आकारात, रंगीत कागदावर एकाच रंगात, स्वस्त पडतं. ती पिठाच्या गिरणीत ठेवा. दळण होईपर्यंत माणसं नुसती बसलेली असतात, हातात आलेलं वाचतात. बीडी कारखान्यात माल जमा करायला येणाऱ्या बायकांनाही द्या, तिथेही थांबावं लागतं. मजकुरात 'पर्यावरण', 'संवर्धन' असले शब्द नकोत. एखादं निमित्त द्या: एप्रिलमध्ये बहावा फुलला की 'या रविवारी बहावा बघायला या, सकाळी ७ वाजता', आणि खाली ओळखीची खूण, कुठल्या चौकातून किती पावलं. क्यूआर कोड टाकायचाच असेल तर इंचभर तरी मोठा.

मजकूर तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार, प्रेसवाला तो श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या वेगळ्या फॉन्ट-सॉफ्टवेअरमध्ये, घेणार, आणि तिथे रफार, जोडाक्षरं हमखास फुटतात. म्हणून प्रूफ कागदावरच मागवा, घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा, आणि छापायला सोडण्याआधी त्यावरचा फोन नंबर एकदा लावून बघा.