इंडोनेशियातल्या सुंबा बेटावर गावात जमीन घेऊन राहता येईल का?

राहता येईल, मालक होता येणार नाही. १९६०च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', फक्त इंडोनेशियन नागरिकांनाच मिळते. आपल्याला भाडेपट्टा, नाहीतर 'हाक पाकाई' हा वापरहक्क. "गावातल्या कुणाच्या तरी नावावर घ्या" म्हणणाऱ्या एजंटला लांबूनच हात जोडा. तसा व्यवहार कायद्याने रद्दबातल ठरतो. शिवाय तिथली बरीच जमीन कुळाची सामाईक असते, एकाच्या सहीवर विसंबू नका.

आधी नुसतं फिरून या. बालीहून तांबोलाका किंवा वाइंगापूला विमान जातं. बालीत उतरल्यावर भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, एकदा वाढवताही येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पासोला, म्हणजे घोड्यांवरून भालाफेकीचा सोहळा, असतो. पाऊसही तेव्हाच.